जलचरांचा परदेशी व्यापार आणि रोगमुक्तीचा दाखला

कोकणात खाडीकाठच्या तळ्यांत वाढविलेल्या कोळंबीपैकी बराच भाग गोठवून परदेशी पाठविला जातो. तळ्यावर जाळे ओढले जाते, बर्फात घातलेली कोळंबी प्रक्रिया-कारखान्याच्या गाडीत चढते, पैसे ठरतात आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने व्यवहार तेथेच संपतो. पुढे त्या मालाबरोबर एक कागद प्रवास करतो, तो मात्र शेतकऱ्याच्या दृष्टीस कधी पडत नाही. हा कागद म्हणजे आरोग्याचा दाखला होय. माल उतरवून घेणाऱ्या देशाचा अधिकारी मालाच्या आधी दाखला पाहतो आणि त्यावर त्याचा विश्वास बसला नाही तर उत्तम मालही बंदरात अडून राहतो. दाखल्यातील विधाने कोणत्या नियमांवर आधारलेली असतात आणि ती खरी ठरण्यात तळ्यावरील शेतकऱ्याचा व ग्रामकार्यकर्त्याचा वाटा किती असतो, याची माहिती खेड्यापर्यंत फारशी पोहोचलेली नाही.

हा व्यापार लहान नाही. २०२३-२४ या वर्षी भारतातून सुमारे १७.८ लाख टन मासळी व इतर जलचर-माल निर्यात झाला व त्याची किंमत साठ हजार कोटी रुपयांहून अधिक होती. त्यांपैकी सुमारे चाळीस हजार कोटी रुपये एकट्या गोठविलेल्या कोळंबीचे होते. एका जातीच्या जीवावर एवढा मोठा व्यवहार उभा असेल, तर त्या जातीचे रोग हा केवळ तळ्याच्या मालकाचा खाजगी प्रश्न राहत नाही.

नियमांचा उगम

हे नियम निर्माण झाले ते मासळीमुळे नव्हे, तर गुरांच्या एका साथीमुळे. आणि त्या साथीशी आपल्या देशाचा निकटचा संबंध आहे. १९२० साली हिंदुस्थानातून ब्राझीलकडे निघालेली वशिंडाची गुरे वाटेत बेल्जममधील अँटवर्प बंदरात ठेवण्यात आली आणि त्यांच्यापासून तेथील गुरांत बुळकांडीचा शिरकाव झाला. बुळकांडी म्हणजे काय, हे येथील जुन्या शेतकऱ्यांस सांगावयास नको. गोठेच्या गोठे ओस पाडणारा तो रोग होता. एका देशाचा रोग दुसऱ्या देशात जहाजाने जातो आणि मूळच्या देशाने वेळीच खबर दिली नाही तर दुसऱ्यास सावध होण्याची संधीच मिळत नाही, ही गोष्ट त्या वेळी युरोपातील सरकारांच्या ध्यानी आली. २५ जानेवारी १९२४ रोजी २८ राष्ट्रांनी पॅरिस येथे करार करून जनावरांच्या साथींची माहिती गोळा करणारी एक कचेरी स्थापन केली. तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना असून तिचे १८० हून अधिक देश सभासद आहेत. ज्या बुळकांडीने तिचा जन्म घडविला तो रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा २०११ साली करण्यात आली.

पाण्यातील प्राण्यांकडे या संघटनेचे लक्ष उशिरा वळले. १९६० साली तिने मत्स्यरोगांकरिता स्वतंत्र आयोग नेमला आणि १९९५ साली जलचर आरोग्य संहिता व तिच्या जोडीची रोगनिदान-पुस्तिका प्रथम प्रसिद्ध केली. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या १ जानेवारीस जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली व भारत तिचा आरंभापासूनचा सभासद झाला. त्या संघटनेच्या एका करारात असे ठरले आहे की, माणूस, प्राणी व वनस्पती यांच्या आरोग्यासाठी प्रत्येक देशास आयातीवर बंधने घालता येतील. मात्र प्राण्यांच्या रोगांपुरते पाहता ती पॅरिसच्या संघटनेच्या मानकांवर आधारलेली असावीत. कोणास त्याहून कडक बंधने घालावयाची असतील तर त्यांस शास्त्रीय कारण दाखवावे लागते. या एका कलमामुळे संहितेतील सल्ल्याला व्यापाराच्या न्यायात वजन आले.

संहितेत काय आहे

मासे, कवचधारी प्राणी, शिंपले-कालवे वर्गातील प्राणी आणि बेडकासारखे उभयचर अशा चार गटांचा विचार संहितेत केलेला आहे. प्रत्येक गटातील काही निवडक रोगांची सूची केली असून, सूचीत नाव येण्यास त्या रोगास काही कसोट्यांस उतरावे लागते. तो व्यापारामार्गे देशोदेशी पसरू शकला पाहिजे, निदान एखादा देश तरी त्यापासून मुक्त असला पाहिजे, त्याच्या निदानाची भरवशाची पद्धत उपलब्ध असली पाहिजे, आणि त्याने होणारी हानी मोठी असली पाहिजे. कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, गोड्या पाण्यातील झिंग्याच्या बीजास होणारा पांढऱ्या शेपटीचा रोग, माशांच्या अंगावर जखमा पाडणारा व १९८८ साली ईशान्येकडून भारतात शिरलेला व्रणरोग, आणि तिलापिया माशाचा विषाणुजन्य रोग ही येथील मत्स्यसंवर्धकांच्या परिचयाची नावे त्या सूचीत आहेत.

सूचीतील रोग एखाद्या देशात प्रथमच किंवा खंडानंतर पुन्हा आढळला, तर निदान पक्के झाल्यापासून चोवीस तासांच्या आत त्या देशाने संघटनेस कळवावयाचे असते. ही खबर देण्याचे काम सरकारचे. परंतु सरकारला ती कळावयाची ती तळ्यावरूनच. संहितेतील सगळी व्यवस्था या पहिल्या पायरीवर उभी आहे आणि नेमकी तीच पायरी सर्वांत कच्ची असते.

संहितेतील दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे मालाच्या स्वरूपानुसार केलेला भेद. जिवंत प्राणी, म्हणजे बीज, प्रजनक अथवा शोभेचे मासे, यांबरोबर रोग जाण्याचा धोका सर्वांत अधिक असतो. डोके व कवच काढून, गोठवून, किरकोळ विक्रीसाठी बांधलेल्या कोळंबीपासून तो पुष्कळच कमी, आणि नीट शिजविलेल्या मालापासून जवळजवळ नसतोच. म्हणून देशात रोग आहे एवढ्याच कारणाने त्या देशाचा सर्वच माल नाकारणे संहितेस मान्य नाही.

तिसरी गोष्ट क्षेत्रांची. सबंध देश रोगमुक्त नसला तरी त्यातील एखादे नदीखोरे किंवा किनाऱ्याचा एखादा भाग रोगमुक्त असू शकतो. आणि भूभाग रोगमुक्त नसला तरी एकाच व्यवस्थापनाखालील, पाणी, बीज व माणसांची ये-जा यांवर कडक नियंत्रण असलेली तळी स्वतंत्र गट म्हणून रोगमुक्त ठरविता येतात. मात्र असा दावा केवळ ‘आमच्याकडे रोग दिसला नाही’ असे म्हणून सिद्ध होत नाही. किती वेळा पाहिले, कोणी पाहिले, किती नमुने तपासले, याच्या नोंदी दाखवाव्या लागतात. जेथे कोणी पाहिलेच नाही तेथे रोग नाही असे कोणी मानीत नाही, आणि ते बरोबरच आहे.

सामन माशाचा खटला

ही मानके व्यवहारात कशी लागू होतात, हे कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांच्या तंट्यावरून चांगले समजते. ऑस्ट्रेलियाने १९७५ सालच्या एका आदेशान्वये, उष्णतेची ठराविक प्रक्रिया न केलेला सामन मासा परदेशातून आणण्यास बंदी घातली होती. आपल्या पाण्यात नसलेले रोग ताज्या वा गोठविलेल्या माशांबरोबर येतील, अशी तिची भीती होती. कॅनडाने १९९५ साली जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये अपील मंडळाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध निकाल दिला. रोग येणे शक्य आहे एवढे म्हणून भागत नाही. तो येण्याचा संभव किती व कोणत्या उपायाने तो किती कमी होईल, याचे रीतसर मोजमाप हवे, असे मंडळाने म्हटले. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या धोरणातील एक विसंगती उघडी पडली. खाण्यासाठी येणाऱ्या सामन माशास दार बंद होते. परंतु गळाला लावण्यासाठी आणलेला हेरिंग मासा आणि शोभेचे जिवंत मासे यांना दार बरेच मोकळे होते, जरी त्यांच्यापासूनचा धोका कमी नव्हता. पुढे १९९९ साली ऑस्ट्रेलियाने नव्याने परीक्षण करून आपले नियम बदलले.

यावरून ऑस्ट्रेलियाची भीती पोकळ होती असे मात्र कोणी समजू नये. २०१६ सालच्या नोव्हेंबरअखेरीस त्या देशाच्या क्वीन्सलंड प्रांतात लोगन नदीकाठच्या कोळंबी-शेतीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग उद्भवला. तोपर्यंत तेथील कोळंबी-शेतीस हा रोग ठाऊक नव्हता. काही महिन्यांत त्या नदीवरील सात शेतांना त्याची बाधा झाली आणि तळ्यांत क्लोरीन घालून सगळी कोळंबी नष्ट करावी लागली. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाने कच्च्या कोळंबीची आयात तात्पुरती थांबविली व त्याच वर्षी जुलैत तपासणी कडक करून ती पुन्हा सुरू केली. रोग कोणत्या वाटेने आला हे निर्विवादपणे ठरले नाही. परंतु बाजारातून आणलेली परदेशी कच्ची कोळंबी गळाला लावून नदीत मासे धरण्याची तेथील हौशी लोकांची सवय, ही एक संशयित वाट मानली गेली. हा विषाणू गोठविल्याने मरत नाही. माणसास तो बाधत नाही, म्हणून खाणाऱ्यास काही होत नाही. परंतु खाण्याची वस्तू पाण्यात पडली की तीच रोगाची वाहक ठरते. आशियातील एखाद्या तळ्यातून घाईघाईने काढलेली रोगट कोळंबी हजारो मैलांवरील शेतकऱ्याचे तळे रिकामे करू शकते, ही गोष्ट आयात करणारे देश आता विसरत नाहीत.

भारताचा अनुभव

भारतात या रोगाने १९९४ च्या सुमारास पूर्व किनाऱ्यावर प्रवेश केला. त्या वेळी टायगर कोळंबीची शेती भरात होती. आंध्र व तामिळनाडूतील तळ्यांत रोग इतक्या वेगाने पसरला की अनेकांनी धंदा सोडून दिला. रोगट कोळंबी प्रथम खाणे सोडते, मग कडेला येऊन मंद पोहते, तिच्या कवचाच्या आतील बाजूस पांढरे ठिपके दिसू लागतात, आणि तीन ते दहा दिवसांत जवळजवळ सगळे तळे मरून जाऊ शकते. त्या काळी बीज समुद्रातून धरलेल्या मादीपासून तयार होत असे व ती मादी रोग घेऊन आली आहे किंवा नाही, हे पाहण्याची सोय क्वचितच होती.

२००९ साली व्हेनामी जातीच्या कोळंबीस परवानगी देताना हा धडा विचारात घेतला गेला. परदेशातून येणारे प्रजनक ठराविक रोगांपासून मुक्त अशा पैदाशीचेच असावेत, ते आल्याबरोबर चेन्नईजवळ नीलांकराई येथील विलग्नवास केंद्रात ठेवावेत, तेथे त्यांची तपासणी व्हावी आणि मगच ते नोंदणीकृत बीजोत्पादन केंद्रास द्यावेत, अशी पद्धत घालण्यात आली. व्हेनामीच्या शेतीने पुढे जो विस्तार केला त्याचे बरेच श्रेय या एका शिस्तीस द्यावे लागेल.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. ज्यास व्यवहारात ‘एसपीएफ’ म्हणतात ते बीज ठराविक रोगजंतूंपासून मुक्त असते. त्याचा अर्थ ते रोगास दाद देत नाही असा नव्हे. खेकडे, रानटी कोळंबी किंवा शेजारच्या तळ्याचे पाणी यांच्या वाटे विषाणू आत आला तर असे बीजही तितक्याच लवकर मरते. तसेच, तळ्यातच वाढविलेल्या माद्यांपासून काढलेले स्वस्त बीज कोणी देऊ केले, तर वरील सगळ्या तपासणीस बगल देऊन ते आलेले असते, हे लक्षात ठेवावे. हजार बीजामागे थोडे पैसे वाचविण्याच्या नादात सबंध हंगाम पणास लावणे हा हिशेब कोणत्याही शेतकऱ्यास परवडणारा नाही.

दुसरा घोटाळा औषधांचा. जनावरांच्या रोगांची मानके निराळी आणि खाद्यपदार्थांतील औषधी अंशांची मानके निराळी; पहिली पॅरिसची संघटना ठरविते, दुसरी खाद्यसंहिता आयोग. परंतु तळ्यावर या दोहोंची गाठ पडते. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा असल्याने कोणतेही प्रतिजैविक औषध त्यावर चालत नाही. तरीही कोळंबी मरू लागली की घाबरलेला शेतकरी विक्रेत्याच्या सांगण्यावरून औषध खाद्यात मिसळतो. रोग हटत नाही, वाचलेल्या कोळंबीत औषधाचे अंश राहतात, आणि क्लोरॅम्फेनिकॉल अथवा नायट्रोफ्युरान गटातील बंदी घातलेल्या द्रव्यांचा लवलेश आढळला तरी परदेशी बंदरात माल नाकारला जातो. रोगाने एकदा व औषधाने दुसऱ्यांदा असे नुकसान होते आणि दुसरे नुकसान एकट्याचे राहत नाही, कारण त्यानंतर देशाच्या मालाची तपासणी अधिक कडक होते.

तळ्यावरील पहिला दिवस

चेक ट्रेमधील खाद्य एकाएकी उरू लागले, कडेला मंद पोहणारी कोळंबी दिसली किंवा बगळे व कावळे नेहमीपेक्षा अधिक घिरट्या घालू लागले, तर त्याच दिवशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवावे. देशात जलचर रोगांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे काम २०१३ पासून सुरू असून मुंबईची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था त्यात सहभागी आहे. २०२३ पासून मोबाइलवरून माशांच्या रोगाची खबर देण्याची सरकारी सोयही झाली आहे.

पुष्कळदा होते ते याच्या उलट. रोगाची कुणकुण लागताच मालक गुपचूप व्यापाऱ्यास बोलावितो, मिळेल त्या भावाने कोळंबी काढून देतो, आणि दरवाजा उघडून तळ्याचे पाणी खाडीत सोडून देतो. पुढच्या भरतीस तेच पाणी शेजाऱ्याच्या पंपातून त्याच्या तळ्यात चढते. ‘गावात बोभाटा झाला तर आमच्या मालास कोणी हात लावणार नाही’ ही भीती त्यामागे असते आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. खबर देणाऱ्याचे नुकसान भरून निघण्याची खात्री नसेल तर खबर लपविण्याकडेच मनाचा कल राहणार. रोग कळविणाऱ्यास नुकसानभरपाई किंवा विमा यांचा आधार मिळणे ही या व्यवस्थेची गरज आहे व त्या बाबतीत अजून बरेच करावयाचे राहिले आहे. तोपर्यंत निदान ग्रामकार्यकर्त्याने तरी रोग झालेल्या शेतकऱ्याकडे दोषी म्हणून पाहू नये. खबर देणाऱ्या शेतकऱ्याची चावडीवर चर्चा झाली, तर त्या गावातून दुसरी खबर येणार नाही.

लपविलेला रोग परदेशी बंदरातील तपासणीत उघडकीस येतो, तेव्हा अमुक खाडीतील तळे असे कोणी म्हणत नाही. सबंध देशाचे नाव घेतले जाते. उलट, रोग वेळीच कळविला गेला व त्याच्या नोंदी असल्या, तर तो विशिष्ट क्षेत्रापुरता मर्यादित आहे असे सांगून उरलेल्या भागाचा व्यापार चालू ठेवण्याचा मार्ग संहितेनेच मोकळा ठेवला आहे.

रोगाचा संशय असलेल्या तळ्याचे पाणी बदलू नये व बाहेर सोडू नये. कोळंबी काढून घ्यावयाची असल्यास तत्पूर्वी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा, आणि उरलेल्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचे योग्य प्रमाण घालून ते अनेक दिवस कोंडून ठेवल्याखेरीज दरवाजा उघडू नये. त्या तळ्यावरील जाळी, बादल्या व होडी दुसऱ्या तळ्यावर नेऊ नये; तेथे काम करणाऱ्या मजुरास त्याच दिवशी दुसऱ्या बांधावर पाठवू नये. मेलेली कोळंबी खाडीत न फेकता चुना घालून खोल पुरावी. बांधावर खेकडे चढू नयेत म्हणून जाळीचे कुंपण व पक्ष्यांसाठी वर दोऱ्या ताणणे ही कामे हंगामाच्या आरंभीच करावयाची असतात. रोग आल्यावर त्यांचा उपयोग थोडा.

तपासणीसाठी नमुना पाठविताना मेलेली, फुगलेली कोळंबी उपयोगी पडत नाही. नुकतीच मंदावलेली, अजून धुगधुगी असलेली कोळंबी निवडावी. ती बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचत असेल तर उत्तम. एरवी प्रयोगशाळेस आधी विचारून तीव्र अल्कोहोलमध्ये बुडवून पाठवावी. नमुन्यासोबत चिठ्ठी असावी व तीत तळ्याचा क्रमांक, बीज सोडल्याची तारीख, बीजोत्पादन केंद्राचे नाव, खाद्य कमी झाल्याचा पहिला दिवस, त्या आठवड्यातील पाऊस आणि घातलेली सर्व औषधे लिहावीत. बीज खरेदीची पावती व तपासणीचा अहवाल पीक काढल्यानंतरही जपून ठेवावा, कारण कारखान्यातून मालाचा माग काढीत अधिकारी येतात तेव्हा तो प्रथम मागितला जातो.